नवतप्यातला आवाज

आईचा पहिला व्हिडिओ मी दाराआडून काढला होता. नवतपा सुरू होता. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी लागली की आमच्याकडे नऊ दिवस असं ऊन तापतं की वर्ध्याहून केळझरकडे जाणारा आमच्या नर्सरीसमोरचा रस्ता दुपारभर रिकामा पडतो. त्या रिकाम्या रस्त्यावरून एक साहेब गाडी घेऊन आले. नवीन बंगला बांधला होता, गृहप्रवेश होता, फाटकाच्या दोन्ही बाजूंना त्यांना जास्वंद हवी होती. आई रोपांवरच्या सावलीच्या हिरव्या जाळीखाली पाणी शिंपडत होती. तिने झारीसुद्धा खाली ठेवली नाही.

"नाई भेटत," ती म्हणाली.

"अहो, समोर एवढी दिसताहेत की."

"हाय ना. पन नवतप्यात झाड नाई देत मी. तापातल्या लेकराले एसटीत बसवता काय तुमी? नाई ना? मंग."

"मेलं तर जबाबदारी माझी. मग तर झालं?"

"तुमची जिम्मेदारी घेऊन झाड काय करन? नवतपा सरू द्या, मंग या. मी सोता निवडून देईन."

साहेब हसले, मग चिडले, मग जाळीखालीच थोडा वेळ उभे राहिले, कारण गाडीपर्यंत चालत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आईने त्यांना माठातलं पाणी दिलं. माझ्या हातात फोन होता. मी कॉलेजात असताना नर्सरीचं एक पेज काढलं होतं. फुलांचे फोटो टाकायचे आणि खाली इंग्रजीत दोन ओळी लिहायचे. माझ्या शाळेतल्या काही मैत्रिणी आणि मावसबहिणी सोडल्या तर ते कोणी पाहत नसे. तो व्हिडिओ मी तिथे टाकला आणि जेवायला बसले. संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे गेला होता.

नवतपा संपला आणि लोक यायला लागले. नागपूरहून, हिंगणघाटहून. गाडीतून उतरताच विचारायचे, "त्या रागावणाऱ्या काकू कुठे आहेत?" कोणी हौसेने रागावून घ्यायचे. एक बाई म्हणाली, "काकू, मला पण काहीतरी बोला ना." आई म्हणाली, "तुले काय बोलू माय, तू त भरल्या कुंडीत पानी टाकून राह्यली," आणि त्या बाईच्या हातातली झारी काढून घेतली. ती बाई फार खूश झाली.

त्यानंतर आमचं ठरून गेलं. आई बोलायची, मी फोन धरायची. मी कधीच दिसले नाही. एकदा माझी सावली एका कोपऱ्यात आली होती, तेवढा भागही मी कापून टाकला. मला लोकांसमोर बोलता येत नाही. घरातही मी कमीच बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, व्हॅनने वर्ध्याला जायचं, आणि तिथे मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या. आईची बोली मला पूर्ण कळते, पण माझ्या तोंडून ती निघत नाही. मी बोलले की ती म्हणायची, "तू त बातम्या देऊन राह्यली वं."

दरवर्षी नवतपा लागायच्या आदल्या दिवशी आईचा एक व्हिडिओ ठरलेला असायचा. "उद्यापासून येऊ नका. घरी राहा, झाडाले सकाळी पानी द्या, दुपारी हात लावू नका. मी बी नाई लावत." लोक त्या व्हिडिओची वाट पाहायचे. जाहिरातीबद्दल मी जे थोडं वाचलं होतं त्यात हे कुठेच नव्हतं, की दुकानदार विकत नाही म्हणतो म्हणून लोक त्याच्याकडे येतात. आईला यात जाहिरात दिसतच नव्हती. तिच्यासाठी तो निरोप होता.

या वर्षी होळी झाली आणि एका सकाळी पिशव्यांत माती भरताना तिच्या उजव्या हातातून खुरपं पडलं. ते उचलायला ती वाकली, आणि हात वाकला नाही. तिने माझ्याकडे पाहून काहीतरी सांगितलं. मला नुसते आवाज ऐकू आले. मी "काय?" म्हणाले, तिने पुन्हा सांगितलं, तेच आवाज. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत आहे आणि मीच कशी समजून घेत नाही याचा तिला राग येत आहे.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती डाव्या हाताने जेवू शकत होती, धरून नेलं तर चार पावलं चालत होती, आणि तिच्याजवळ एकच शब्द उरला होता: हो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं होतं. एखादा शब्द आपोआप निघत राहतो, तो माणूस ठरवून म्हणत नसतो. भूक लागली का? हो. पोट भरलं? हो. एकदा दुपारी मी विचारलं, "ऊन येतंय, खिडकी लावू?" ती "हो" म्हणाली. मी लावली. तिने डाव्या हाताने खिडकीकडे बोट केलं आणि हात हलवत राहिली, शेवटी मी ती उघडली तेव्हा गप्प झाली. तिला बाहेरची जाळी दिसायला हवी होती. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायला लागले.

बाबांना ते जमलं नाही. त्यांचा आणि आईचा संसार आईच्या बोलण्यावर चालला होता. ते कलमं बांधायचे, पाणी सोडायचे, गिऱ्हाईक आलं की मागे टाकीकडे निघून जायचे. आता गिऱ्हाईक आलं की त्यांनाच पुढे यावं लागे. "काकू कुठे आहेत?" "गावाले गेल्या." आईचं माहेर अल्लीपूरचं, म्हणून ते तेच सांगायचे. मी म्हणाले, "बाबा, पेजवर खरं काय ते सांगून टाकू का?"

"कायले?" ते म्हणाले. "लोक कीव करतीन. कीव करनारा मानूस फूल पाहून निंगून जाते."

मी जुने व्हिडिओ टाकत राहिले. आधी न टाकलेले, मग टाकलेलेच पुन्हा. एप्रिलमध्ये आई थंडीत फुलणाऱ्या शेवंतीबद्दल बोलताना दिसली तेव्हा खाली कोणीतरी लिहिलं, "काकू, शेवंती? आता? तब्येत बरी आहे ना?" त्यापुढे हसण्याचं चिन्ह होतं.

मेच्या मध्यावर मामेभाऊ आला. तो नागपूरला दुकानांच्या जाहिरातींचं काम करतो. आईची ही अवस्था पाहून तो आधी खाटेजवळ बसून खूप रडला, हे मला सांगायलाच हवं. मग जेवण झाल्यावर त्याने माझा फोन मागितला, पेज वरखाली पाहिलं आणि बाबांना, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने आत्याच्या नवऱ्याला, म्हणाला, "मामाजी, पेज डेड होऊन राह्यलं. पंधरा दिवस नवीन काही नाई टाकलं त लोक विसरून जातात. पावसाळा तोंडावर हाय, नागपूरचे नर्सरीवाले आतापासून बुकिंग घेऊन राह्यले."

"बोलन कोन?" बाबा म्हणाले. "हे त तोंड उघडत नाई." हे म्हणजे मी.

"आत्याच बोलन."

मला वाटलं तो दुःखात काहीही बोलतो आहे. पण त्याने सांगितलं की इतके व्हिडिओ असले की त्यावरून आवाज बनवता येतो. आपण लिहायचं, आवाज तो वाचतो. "कोनाले कळनार बी नाई. आणि आवाज आत्याचाच हाय ना, चोरीचा थोडी हाय?"

"तिला विचारायला हवं," मी म्हणाले.

बाबा उठून खाटेजवळ गेले. ते तिच्याशी आता मोठ्याने बोलत, जणू तिचे कान गेले आहेत. "अवं, तुझा आवाज आपल्या नर्सरीसाठी वापरू काय? मशीनवर? पोरगा म्हनते होते म्हनून."

"हो," आई म्हणाली.

बाबांनी वळून आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं काही होतं की मी खिडकीची गोष्ट काढली नाही. आईचा डावा हात चादरीच्या काठावर फिरत होता. तो काही सांगत होता की नुसताच फिरत होता, हे मला त्या वेळी कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

व्हिडिओ त्याने नागपूरहूनच टाकला. पेजचा पासवर्ड त्याने जाताना माझ्याकडून घेतला होता. मी तो कानात इअरफोन घालून ऐकला. चित्रात मागच्या वर्षीचे आईचे हात होते, जास्वंदीच्या मुळाशी माती दाबणारे. आणि त्यावर तिचा आवाज. तिच्या घशातली ती थोडी खरखर, वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा सूर, सगळं होतं. "नमस्कार मंडळी. यंदा नवतप्याची चिंता करू नका. आमची रोपे थेट तुमच्या दारात सुरक्षित पोहोचतील. आजच मागवा." आवाज आईचा होता आणि बोलणं पुस्तकी, मी बोलते आणि मामेभाऊ जाहिरातींत लिहितो तसलं. ती बातम्या देत होती.

मी बाबांना म्हणाले, "नवतप्यात नको. तिने कधी दिलं नाही."

"तिचं तिच्यासंग होतं," बाबा म्हणाले. मग, जरा खालच्या आवाजात, "जाळीखालची किती वाचतीन इथं बी? पानी द्याले दोन हात कमी हायत."

तेही खरं होतं. आई पहाटे उठून जाळीखालच्या सगळ्या रोपांना पाणी द्यायची, ते आता आम्हा दोघांच्याने पूर्ण होत नव्हतं. कडेची रोपं वाळायला लागली होती.

मागण्या आल्या. बाबा ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून खोक्यांत रोपं उभी करायचे आणि वरून चिकटपट्टी लावायचे. आईची खाट आम्ही मागच्या खोलीत हलवली होती. तिथे थंड असतं असं बाबांनी सांगितलं, आणि ते थंड होतंही. पण चिकटपट्टी ओढल्याचा आवाज भिंतीतून जातो. तो कर्रकन आवाज आला की आई मान उचलायची. "हो?" ती विचारायची. "हो?"

"जुनं सामान बांधून राह्यलो," बाबा इकडून ओरडून सांगायचे.

पट्टीचा आवाज आला की तिचा हात दाराकडे जायचा. मी पाहायची आणि तिच्या उशीची खोळ सरळ करायची.

नवतपा संपून आभाळ नुसतं भरून येऊ लागलं होतं तेव्हा एक निवृत्त शिक्षिका ऑटोने आल्या. वर्ध्याच्या एका कॉलनीत त्या राहतात. आमच्याकडे पूर्वी दोनदा येऊन गेल्या होत्या, आईने त्यांना एकदा रागावलंही होतं. ऑटोवाल्याने त्यांच्यामागून घमेलं आणलं. त्यात जास्वंदीची रोपं आडवी ठेवली होती, पानं गेलेली, नुसत्या काड्या. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत कुंपणाला लावण्यासाठी सगळ्या बायकांनी मिळून ती मागवली होती.

"काकू आहेत का?" त्या म्हणाल्या. "माझी तक्रार नाही हो. झाडं मरतात. मला फक्त त्यांना विचारायचं आहे. सगळ्या जणी नको म्हणत होत्या, एवढ्या उन्हात नको. मी सांगितलं, काकू स्वतः म्हणताहेत म्हणजे काहीतरी विचार केला असेल. आता मला तिथून जाताना खाली मान घालून जावं लागतं."

"थ्या गावाले गेल्या," बाबा म्हणाले. "अल्लीपूरले."

आतून आवाज आला. "हो."

शिक्षिकाबाईंनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दारात उभी होते. मी बाजूला झाले.

त्या आत गेल्या आणि खाटेपाशी थांबल्या. आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं आहे, उजवा हात आम्ही उशीवर ठेवतो. बाईंना बसायला मी स्टूल दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या. रागावून आलेल्या माणसाला असं काही दिसलं की राग कुठे ठेवावा ते कळत नाही. त्या अगदी हळू म्हणाल्या, "काकू, मला काहीच माहीत नव्हतं. पण तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, नवतप्यात चालेल म्हणून?"

"हो," आई म्हणाली.

"मग तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं का, की..."

"हो."

बाई गोंधळल्या. आपण खोटं बोलत नाही हे दाखवायला म्हणून असेल, त्यांनी पर्समधून फोन काढला आणि तो व्हिडिओ लावला. मला थांबवता आलं नाही, इतक्या पटकन ते झालं. खोलीत आई बोलायला लागली. नमस्कार मंडळी. यंदा नवतप्याची चिंता करू नका.

आईने आधी फोनकडे पाहिलं. मग तिचा डावा हात वर आला आणि तिने बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली. ओठ हलताहेत का, हे ती तपासत होती. आवाज संपेपर्यंत तिने बोटं तिथून काढली नाहीत.

"ती बोललेली नाही हे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा इस्त्री केलेला निघाला. "आई होळीपासून बोलत नाही. तो मशीनने बनवलेला आवाज आहे."

बाईंनी फोन बंद केला. "मग मी कोणाचं ऐकलं?" त्या म्हणाल्या. त्या हे आमच्यापैकी कोणाला विचारत होत्या असं वाटलं नाही.

आई घमेल्याकडे बोट करत होती. मी ते उचलून खाटेच्या कडेशी ठेवलं. तिने डाव्या हाताने एक रोप काढलं, मांडीवर आडवं धरलं आणि अंगठ्याच्या नखाने काडीची साल खरवडली. साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत असतं, हे तिने कितीदा व्हिडिओत सांगितलं होतं. आत तपकिरी होतं. ती खाली सरकली, पुन्हा खरवडलं. तपकिरी. मुळापर्यंत गेली. ते रोप तिने बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. डाव्या हाताने तिला ते नीट जमत नव्हतं, काडी घसरायची, मग ती छातीशी दाबून धरायची. बाई शेवटी स्टुलावर बसल्या. तिने एकही रोप तपासल्याशिवाय सोडलं नाही, आणि एकातही हिरवं निघालं नाही. मग तिने नख पदराला पुसलं.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांना आत यायचं नव्हतं आणि जायचंही नव्हतं. ते म्हणाले, "अवं, मी इचारलं होतं तुले. तूच हो म्हनली होती." आणि मग, ती नुसती पाहत राहिली म्हणून, "म्हनली होती ना?"

ते वाट पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो, कारण इतके दिवस काहीही विचारलं की तो शब्द यायचाच. आईने बाबांकडे पाहिलं. तिचं तोंड बंद होतं. तो शब्द आला नाही.

बाई निघाल्या तेव्हा बाबांनी त्यांच्या ऑटोत जाळीखालची चांगली रोपं ठेवायला घेतली. त्या नको म्हणाल्या. "आत्ता नको," त्या म्हणाल्या, "पाऊस नीट पडू दे." हे आईचंच वाक्य होतं, पण ते बोलताना त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

तो व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. आई आजारी आहे आणि तो आवाज तिचा नव्हता, एवढं लिहिलं. खाली खूप लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली, लवकर बऱ्या व्हा म्हणाले, काहींनी आम्हाला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्या सगळ्याच्या मधेच कोणीतरी विचारलं होतं की मोगरा आहे का. मामेभावाचा फोन आला. तो म्हणाला, "मी आत्यासाठीच केलं होतं ना." तो खरंच तसं समजत होता. पासवर्ड मी बदलला होता, ते मी त्याला सांगितलं नाही.

परवा मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. दुसऱ्याच कुठल्या नर्सरीचं नाव, दुसरीच रोपं, आणि वर आईचा आवाज. आमचा व्हिडिओ मी काढून टाकण्याआधी कोणीतरी उतरवून घेतला होता. आजच मागवा, ती म्हणते. मी त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. आता ते कुठे कुठे पोहोचलं असेल, आणि पुढच्या नवतप्यात कोण कोण ते ऐकेल, हे मला कळणार नाही.

त्या दिवसापासून आईचा 'हो'सुद्धा आलेला नाही. शब्द पुन्हा येऊ शकतो, डॉक्टर म्हणतात, गेलेला शब्द परत येतो कधी कधी. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या आईसमोर चित्रं धरतात, आंबा, गाय, घर, आणि आई चित्राकडे नुसती पाहते. त्यांना वाटतं आजार वाढला. मला तसं वाटत नाही, पण मी त्यांना काय सांगणार? तिच्यासमोर कोणी फोन हातात घेतला की ती भिंतीकडे तोंड करते. माझाही फोन.

खाट आम्ही पुन्हा पुढच्या खोलीत आणली. दुपारी मी सवयीने विचारते, "आई, खिडकी लावू?" ती काही म्हणत नाही. मग मी उठते आणि ऊन तिच्या अंगावर कुठपर्यंत आलं आहे ते जाऊन पाहते.